सत्राअखेरचा काला

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी पिंपरीतल्या संत तुकारामनगरात राहतो. बाहेरगावच्या माणसाला पत्ता सांगताना पूर्वी आम्ही 'वायसीएम हॉस्पिटलजवळ' किंवा 'आचार्य अत्रे रंगमंदिराजवळ' असं सांगायचो. मार्च २०२२ मध्ये मेट्रो सुरू झाली आणि आमच्या नावाचं स्टेशनच झालं. आता 'संत तुकारामनगरला उतरा' एवढं सांगितलं की भागतं. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीचा मुक्काम उरकून आमच्याच पुढच्या रस्त्याने पुण्याकडे जाते. लहानपणापासून ती पाहत आलो आहे. आज मात्र मला वारीबद्दल नाही, शाळेबद्दल बोलायचं आहे. शाळेचं सत्र संपतं, त्या एका दिवसाबद्दल.

गोष्ट गेल्या मार्चमधली. माझी नात तेव्हा चौथीत होती. ती एका आंतरराष्ट्रीय शाळेत शिकते. जावई चाकणच्या कारखान्यात इंजिनिअर आहेत, लेकही नोकरी करते. दोघांनी मिळून हा खर्च पेलायचं ठरवलं. माझे वडील कंपनीत फिटर होते. निवृत्त होताना त्यांच्या हातात जो फंड पडला, त्याहून या मुलीची एका वर्षाची फी जास्त आहे. ही कुरकुर नव्हे, नुसता हिशेब. मी टाइम ऑफिसात कारकुनी केली. कविता लिहितो खरा, पण हिशेबाची सवय जात नाही.

तर शाळेचं पत्र आलं. सत्र संपत आहे, मुलांनी काय शिकलं ते मुलं स्वतः घरच्यांना दाखवणार आहेत, तरी आईवडिलांनी आणि आजीआजोबांनी अवश्य यावं. खाली एक ओळ होती : कृपया मुलांना गुण विचारू नयेत. मी ते पत्र दोनदा वाचलं. सत्र संपतंय आणि गुण विचारायचे नाहीत, तर मग विचारायचं तरी काय?

आमच्या वेळी सत्राचा शेवट म्हणजे निकाल. महाराष्ट्र दिनाची, १ मेची सकाळ. झेंडावंदन झालं की वर्गात बसायचं आणि गुरुजी एकेकाचं नाव घेऊन प्रगतिपुस्तक हातात द्यायचे. नापास विषयाखाली लाल शाईची रेघ. 'वरच्या वर्गात घातला आहे' असा शेरा असला, तर तो वाचून दाखवायची गरज नसे. पास झालेला नाही, ढकलला आहे, हे सगळ्या वर्गाला कळायचं. माझी अम्मा निरक्षर. ती प्रगतिपुस्तक हातात घ्यायची आणि फक्त रंग पाहायची. 'लाल कितना है?' एवढाच तिचा प्रश्न. लाल नसलं की डोक्यावरून हात फिरायचा आणि हातावर गूळ-शेंगदाणे पडायचे. वर्षभर तू काय शिकलास, हे मात्र मला कधी कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी सांगता आलं असतं की नाही, कोण जाणे.

हे आठवताना एक गोष्ट लक्षात आली. शिकण्याच्या आरंभाचा सोहळा आपल्याकडे सगळ्यांकडे आहे. आमच्या घरांत मूल चार वर्षं, चार महिने, चार दिवसांचं झालं की त्याची 'बिस्मिल्ला' करतात. माझीही झाली. नवा सदरा, डोक्यावर टोपी, मौलवीसाहेबांच्या मागोमाग म्हटलेले शब्द आणि नंतर सगळ्या आळीला बत्तासे. पुढे शाळेत गेलो तर दसऱ्याला पाटीपूजन. पाटीवर एकाचे आकडे जोडून सरस्वती काढायची. माझ्या रेघा सरळ येत, म्हणून दोन-तीन मित्रांच्या पाट्यांवरची सरस्वतीही मीच काढून द्यायचो. आरंभ असा गोडधोड खाऊन व्हायचा आणि शेवट लाल शाईने.

आता ही गुण न विचारण्याची रीत आमच्या भागात आली कशी, तेही पाहू. ती आली कारखान्यांबरोबर. १९९५ मध्ये मर्सिडीज-बेंझच्या गाड्या पिंपरीत, टेल्कोच्या आवारात तयार होऊ लागल्या. पुढे २००९ मध्ये तो कारखाना चाकणला गेला, आणि त्याच वर्षी फोक्सवॅगनचा कारखानाही चाकणला सुरू झाला. परदेशातून इंजिनिअर आले, त्यांची बायकामुलं आली. दोन-तीन वर्षांनी मायदेशी परतल्यावर मुलांचं शिक्षण तुटू नये, अशी शाळा त्यांना हवी होती. १९९८ मध्ये मर्सिडीज-बेंझ इंटरनॅशनल स्कूल निघालं ते या गरजेतून. हिंजवडीतल्या या शाळेचं नाव पुढे महिंद्रा इंटरनॅशनल स्कूल झालं.

अशा शाळांत जो अभ्यासक्रम प्रसिद्ध आहे, तो इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या संस्थेचा. ही संस्था १९६८ मध्ये जिनिव्हाला स्थापन झाली. तीन ते बारा वर्षांच्या मुलांसाठी तिने १९९७ मध्ये 'प्रायमरी इयर्स प्रोग्राम' सुरू केला. त्यात भूगोल, विज्ञान, भाषा हे विषय वेगवेगळ्या कप्प्यांत न ठेवता सहा मोठ्या सूत्रांभोवती गुंफलेले असतात. आपण कोण आहोत, जग कसं चालतं, ही पृथ्वी सगळ्यांची आहे, अशी ती सूत्रं. मुलं काही आठवडे एकाच प्रश्नाच्या मागे लागतात. अखेरच्या वर्षी ती स्वतः विषय निवडतात, शोध घेतात आणि त्याचं प्रदर्शन मांडतात. आईवडील आले की शिक्षक बाजूला उभे राहतात आणि मूल बोलतं. सत्राचा शेवट म्हणजे हे बोलणं.

परदेशी इंजिनिअरांच्या मुलांसाठी आलेली ही रीत हळूहळू आपल्या इंजिनिअरांनीही आपल्या मुलांसाठी उचलली. मग पाटीवर 'इंटरनॅशनल' लिहिलेल्या शाळा गल्लोगल्ली निघाल्या. आतली पुस्तकं बऱ्याच ठिकाणी नेहमीचीच, पण सत्राअखेरचा थाट मात्र परदेशी. शिशुवर्गातल्या मुलांना काळा झगा आणि चौकोनी टोपी घालून पदवीदान करतात, फोटो काढतात. मी बी. ए. झालो तेव्हा माझी पदवी पोस्टाने घरी आली. झगा मी अजून घातलेला नाही, नातीने पाचव्या वर्षीच घातला! स्टेशनरीच्या दुकानांत 'प्रोजेक्ट तयार करून मिळतील' असे फलक दिसतात. रात्री बारापर्यंत आई थर्माकोल कापते, बाप डिंक लावतो आणि मूल झोपलेलं असतं. अशा ठिकाणी सत्राअखेरीस कोण काय शिकलं याचा शोध घेतला, तर थर्माकोल सरळ कसा कापावा हे आईबाप शिकले, एवढंच निघेल.

नातीच्या शाळेत तसं नव्हतं, हे मला आनंदाने सांगितलं पाहिजे. तिने जे केलं होतं, ते तिनेच केलं होतं. विषय घेतला होता पवना नदी. पुठ्ठ्याचं धरण, निळ्या कापडाची नदी, तीन बाटल्यांत तीन ठिकाणांहून आणलेलं पाणी. एक स्वच्छ, एक गढूळ आणि एक काळपट. हातात छडी घेऊन ती उभी राहिली आणि आपल्या आईवडिलांना तिने दहा मिनिटं इंग्रजीत नदी समजावून सांगितली. नदी कुठून येते, धरण कुठे आहे, रावेतच्या बंधाऱ्यातून शहरासाठी पाणी कसं उचलतात, ते शुद्ध कसं करतात. मध्येच जावयांनी प्रश्न विचारला, तर न गडबडता म्हणाली, हे मला माहीत नाही, मी शोधून सांगेन. मी थक्क झालो. तिच्या वयाचा असताना हजेरीला 'हजर' म्हणताना माझा आवाज फुटत नसे. आणि 'मला माहीत नाही' हे वर्गात उभं राहून, मार न खाता म्हणता येतं, हे मला पुढे कित्येक वर्षांनी कळलं.

मग ती माझ्या अम्माकडे वळली. अम्मा ऐंशीच्या घरात आहे. हट्टाने काठी टेकत आली होती. नात तिला 'बडी नानी' म्हणते. शिक्षिकाबाई मराठी होत्या. त्या म्हणाल्या, "पणजीला घरच्या भाषेत सांग." आमच्या घरची भाषा म्हणजे मराठी, आणि अम्मा बोलते तेव्हा त्यात दखनी मिसळलेली. नातीने छडी उचलली. "बडी नानी, ही रिव्हर आहे. हा तिचा सोर्स." आणि ती थांबली. अम्माच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. "सोर्सला काय म्हणतात, नाना?" तिने मला विचारलं. मी तोंड उघडायच्या आत अम्मा म्हणाली, "ये अपनी पवना ना? इसमें मैं वाकळा धोई."

आणि ती सांगू लागली. १९६६ मध्ये लग्न होऊन ती पिंपरीत आली, तेव्हा वरचं धरण झालेलं नव्हतं. पिंपरी गावाच्या घाटावर बाया वाकळा, गोधड्या घेऊन जायच्या. उन्हाळ्यात नदीची धार बारीक व्हायची, पण तळातली वाळू दिसायची. तेच पाणी घागरीत भरून आणायचं, फडक्यातून गाळायचं आणि प्यायचं. पावसाळ्यात चिंचवडला मोरया गोसावींच्या मंदिरापाशी पाणी चढलं की इकडे घाटावर जायला बंदी. नात डोळे मोठे करून ऐकत होती. "तू ते पाणी प्यायलीस?" तिने काळपट बाटलीकडे पाहत विचारलं. तिच्या चार्टवर सगळं होतं. पण बडी नानीची नदी लिहायला जागा नव्हती, आणि आपली नदी बडी नानीपर्यंत न्यायला तिच्याजवळ शब्द नव्हते.

घरी येताना गाडीत ती गप्प होती. मग म्हणाली, "नाना, मला सगळं येतं. पण बडी नानीला सांगता येत नाही."

श्रोतेहो, हे वाक्य मला लागलं. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे. नातीच्या शाळेतही मराठीचा तास आहे. तिला कविता येतात, पक्ष्यांची, फुलांची नावं येतात. पण मराठीच्या तासात फक्त मराठी असते, आणि नदी, पाऊस, यंत्र, हिशेब हे सगळं दुसऱ्या तासांत, दुसऱ्या भाषेत. मग घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला, जिने नदी डोळ्यांनी पाहिली आहे, तिलाच नदी सांगता येत नाही.

त्याच आठवड्यात दुसरी एक गोष्ट घडली. आमच्याकडे पोळ्या करायला एक मावशी येतात. त्यांचा मुलगा जवळच्याच एका मराठी शाळेत शिकतो. तोही तेव्हा चौथीत. संध्याकाळी आईबरोबर येतो आणि गॅलरीत बसून गृहपाठ करतो. नातीचा चार्ट तिथे उभा करून ठेवला होता. बराच वेळ तो पाहत राहिला आणि हळूच म्हणाला, "इथं उगम लिहायला पाहिजे."

मी विचारलं, "आणखी काय लिहायला पाहिजे?"

"हिला कुठली नदी मिळते ती उपनदी. आणि इथं संगम. पवना दापोडीला मुळेला मिळते."

बालभारतीने तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्याजिल्ह्याचं वेगळं काढलं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. पुणे जिल्ह्याच्या नद्या, डोंगर, तालुके या मुलाने त्यातून शिकले होते आणि ते त्याच्या लक्षात होते. मी म्हटलं, "अरे वा! हे तू शाळेत सांगितलंस का?"

"पेपरात लिहिलं."

"आणि सांगितलंस कोणाला?"

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "कोणी विचारलंच नाही."

त्या संध्याकाळी दोघांना अम्मापुढे बसवलं. मुलाने उगम, उपनदी, संगम असं एका दमात, पाढे म्हणावेत तसं म्हणून टाकलं, तेही जमिनीकडे पाहत. नात त्याला म्हणाली, "खाली नको बघू, बडी नानीकडे बघून सांग." तिला शाळेने हे शिकवलं होतं. आणि तिला जिथे शब्द अडत होता, तिथे तो पुरवत होता, कारण त्याला शाळेने ते शिकवलं होतं. अम्मा दोघांना अडवत होती, विचारत होती, मध्येच आपली वाळू आणि वाकळा सांगत होती. पोळ्या करून झाल्या तरी मावशी दारात पदराला हात पुसत उभ्या होत्या.

तेव्हा मला काला आठवला. लहानपणी आमच्या भागात हरिनाम सप्ताह बसायचा. आम्ही सगळी पोरं जायचो, कोण कोणाचा हे कोणी विचारत नसे. सात दिवस भजन-कीर्तन, आणि शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन. गोपाळांनी आपापली शिदोरी सोडली, सगळं एकत्र कालवलं आणि सगळ्यांनी खाल्लं, ती ही गोष्ट. लाह्या, पोहे, दही, लोणचं. कोणाच्या घरून काय आलं ते काल्यात ओळखू येत नाही, आणि काल्यात पहिला-दुसरा नंबर नसतो. आणि आठवली आमच्या घरची आणखी एक दुपार. मी कुराणाचं पहिलं वाचन पूर्ण केलं, तेव्हा घरातली वडीलधारी माणसं गोल करून बसली होती. शेवटचं पान मी मोठ्याने वाचलं आणि त्यांनी मान खाली घालून ऐकलं. नंतर मिठाई. त्या दिवशीही कोणी गुण विचारले नाहीत. म्हणजे शेवटाचा सोहळाही आपल्याकडे होताच. त्यात दोन गोष्टी असायच्या. एक, आपल्याजवळचं आणून सगळ्यांत मिसळणं. दुसरी, कोणीतरी बसून ऐकणं. शाळेने सत्राचा शेवट करताना यातलं काहीच उचललं नाही, फक्त लाल शाई उचलली.

जुलैत मी त्या मराठी शाळेत गेलो. पूर्वी कवी म्हणून तिथल्या स्नेहसंमेलनाला पाहुणा म्हणून गेलो होतो, त्यामुळे मुख्याध्यापिका बाईंची ओळख होती. म्हटलं, सत्राअखेरीस मुलांनी घरच्यांना आपलं शिकणं सांगायचं, असा एक दिवस करू या. बाई हसल्या. कपाटातून त्यांनी एक नोंदवही काढली. म्हणाल्या, "सर, हे सगळं आमच्याकडे कागदावर आहेच."

खरोखरच होतं. शिक्षण हक्क कायदा २०१० मध्ये लागू झाला आणि त्याच वर्षी राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यातल्या आकारिक मूल्यमापनात दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प अशी साधनं सांगितली आहेत. प्रत्येक मुलाबद्दल शिक्षकाने वर्णनात्मक नोंद लिहायची आहे. पण त्या नोंदींची तयार पुस्तकंच बाजारात मिळू लागली. 'स्वतःचे विचार स्पष्टपणे मांडतो', 'निसर्गाविषयी आवड आहे', अशी वाक्यं तिथून उचलायची आणि इथे लिहायची. बाई म्हणाल्या, "कायदा म्हणतो तिसाला एक शिक्षक. वर्गात आहेत बेचाळीस. त्यात याद्या, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती. मग हात तयार पुस्तकाकडे जातो. मलाही आवडत नाही."

मला त्यांना दोष द्यावासा वाटला नाही. शिकणं मुलाच्या हातून, त्याच्या परिसरातून व्हावं, हा विचार आपल्याला परदेशातून आणायची गरज नाही. ताराबाई मोडकांनी अनुताई वाघांना बरोबर घेऊन १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर हेच केलं. मुलं शाळेत येत नाहीत तर अंगणात शाळा भरवली, गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मधल्या काळात सरकारनेही एक प्रयोग केला. जिल्हा परिषदेच्या निवडक शाळांसाठी २०१८ मध्ये महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ स्थापन झालं, आणि पुढे ते बंदही झालं. मंडळ गेलं म्हणून शाळा थांबल्या नाहीत. आमच्याच खेड तालुक्यातली जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा पाहा. जगातल्या उत्तम शाळांसाठी दिल्या जाणाऱ्या पुरस्कारांत २०२५ मध्ये लोकांच्या पसंतीचा पुरस्कार तिला मिळाला. पिंपरी-चिंचवड महापालिकेनेही आपल्या शाळांसाठी 'जल्लोष शिक्षणाचा' असा उपक्रम सुरू केला. म्हणजे इच्छा सगळीकडे आहे. प्रश्न असा, की जल्लोष संपल्यावर एकेका मुलासमोर पाच मिनिटं बसणार कोण?

बाईंनी शेवटी होकार दिला. आम्ही काही साधे नियम ठरवले. माइक नाही, भाड्याचे पोशाख नाहीत, प्रमुख पाहुणे नाहीत, दुकानातून काही आणायचं नाही. प्रत्येक मुलाने या सत्रात शिकलेली एक गोष्ट आपल्या माणसाला सांगायची. पहिल्या पाळीची माणसं घरी येतील अशा बेताने, दिवाळीच्या सुट्टीआधीच्या एका दिवशी संध्याकाळी साडेचारची वेळ. घरी पाठवायचं पत्र मी लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या लिखाणाच्या बेचाळीस प्रती एकदम निघाल्या.

बेचाळिसांपैकी सत्तावीस मुलांच्या घरचं कोणी ना कोणी आलं. एक वडील रात्रपाळी करून आले होते, कंपनीच्या गणवेशातच, डोळे लाल. त्यांच्या मुलीने वर्गाचं दार उघडून-मिटून काटकोन, लघुकोन आणि विशालकोन दाखवले. ते म्हणाले, "आमच्याकडे पत्रा वाकवतात तो हाच की!" एका मुलीने घरातलं पाणी मोजलं होतं. आपल्या शहरात नोव्हेंबर २०१९ मध्ये दिवसाआड पाणी सुरू झालं, त्यामुळे साठवण हा तिच्या घरचा रोजचा विषय. दोनशे लिटरचा एक पिंप, पंधरा लिटरच्या चार कळश्या, म्हणजे २६० लिटर. घरात माणसं पाच, दिवस दोन. भागाकार करून तिने फळ्यावर लिहिलं : एका माणसाला रोज २६ लिटर. बाईंनी सांगितलं, की शहरातल्या माणसाला रोज १३५ लिटर पाणी मिळावं असं शासकीय मानक आहे. मुलगी विचारात पडली. तिची आई मागून म्हणाली, "पिंप कुठं काठोकाठ भरतो? आणि नळ चालू असताना धुणं उरकतो, ते कुठं धरलंस?" मुलीने खडू उचलला आणि परत गणित मांडायला घेतलं. त्या मुलीला गणितात कोणती श्रेणी आहे, मला ठाऊक नाही.

राहिली पंधरा मुलं. त्यांच्या घरचं कोणीच आलं नव्हतं. ती आपापल्या वस्तू घेऊन भिंतीला टेकून उभी होती. आमच्या इमारतीतले तीन-चार निवृत्त गृहस्थ, माझी पत्नी, अम्मा आणि नात अशी आम्ही मंडळी गेलो होतो. आम्ही खुर्च्या ओढल्या आणि बसलो. अम्माला चांगलीच मागणी होती. कोणीही काहीही सांगितलं, की ती 'फिर?' म्हणून विचारते, आणि मुलांना तेच हवं होतं. "आजी, आता माझं ऐका," म्हणत रांग लागली. नातही एका मुलीसमोर मांडी घालून बसली. त्या मुलीने तिला जात्याचे भाग सांगितले. खुंटा, पाळू, तळी. नातीने ते वहीत लिहून घेतले.

आणि आता कबुली. त्या पंधरांत पोळ्यावाल्या मावशींचा मुलगा होता. या सगळ्याची सुरुवात ज्याच्यापासून झाली, तोच. तो कोणालाही काही सांगायला तयार होईना. "आई येणार आहे," एवढंच म्हणत होता. पाच वाजून गेले, साडेपाच झाले. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. साडेचार ते साडेपाच ही आमच्याच घरच्या पोळ्यांची वेळ. आग्रहाचं निमंत्रण मी लिहिलं होतं, 'अवश्य यावे' असं मोत्यासारख्या अक्षरात. त्यांना एका संध्याकाळची सुट्टी द्यायला मात्र विसरलो होतो. त्यांनी ती मागितलीही नाही. पत्र शाळेकडून आलेलं, काम आमच्याकडचं, या दोन्हींचा काही संबंध असेल हे त्यांना वाटलं नसेल. मला वाटायला हवं होतं.

मावशी आल्या तेव्हा शिपाई वर्ग झाडत होते. धावत आल्या होत्या, हाताला पीठ तसंच. मुलगा आधी रुसला. मग शाळेच्या पायरीवर त्याने नदीचा कागद पसरला. उगमापासून सुरुवात केली. या वेळी त्याने खाली पाहिलं नाही. आईकडे पाहून बोलत होता. मावशी म्हणाल्या, "माझं माहेर मावळातलं. ही आमच्याच गावावरनं येते." मुलगा थांबला. चौथी पास झाला, नद्या पाठ झाल्या, आपल्या आईचं गाव त्याच नदीच्या काठी आहे, हे त्याला आज कळत होतं. "कुठं? दाखव," तो म्हणाला. मावशींना नकाशा वाचता येत नाही. त्याने तिचं बोट धरून नदीच्या रेघेवर ठेवलं आणि धरणाच्या दिशेने हळूहळू सरकवत नेलं.

श्रोतेहो, मी शिक्षणतज्ज्ञ नाही. मोठ्या फीच्या शाळेत नातीला धीटपणा मिळाला, तो खरा आहे. मराठी शाळेतल्या मुलाला शब्द मिळाले, तेही खरे आहेत. एकाकडे असलेलं दुसऱ्याला मिळावं, एवढीच काल्याची रीत. त्यासाठी मंडळ बदलायला नको, इमारत बांधायला नको. ऐकणारं माणूस लागतं, आणि त्या माणसाला तेवढी सवड लागते. ज्यांच्या घरी कोणी कामाला येत असेल, त्यांनी त्यांच्या मुलाच्या शाळेचा दिवस विचारून ठेवावा, आणि त्या दिवशी आपल्या पोळ्या आपण लाटाव्यात. मी आता ते शिकलो आहे. माझ्या पोळ्या गोल होत नाहीत, पण अम्मा त्यांना गुण देत नाही.

तुमच्या घरातलं किंवा शेजारचं मूल सत्र संपवून दारात येईल, तेव्हा प्रगतिपुस्तक जरा वेळ टेबलावर ठेवा. त्याला म्हणा, काय शिकलास ते मला सांग. आणि मग बसा.